एलवाय लागला की ॲडव्हर्ब? मुलांना क्रियाविशेषण नेमकं कसं शिकवायचं

शिकवणी_मंगळवारपेठ
मंगळवार पेठेत घरीच आठवी ते दहावीची शिकवणी घेते. मुलं सेमी इंग्लिशची, घरात अस्सल कोल्हापुरी बोलणारी. टेन्स जमतात, पॅसिव्ह व्हॉइस जमतो, ॲडव्हर्ब आला की गाडी अडते. लहान वर्गापासून एकच वाक्य डोक्यात बसलंय: शेवटी एलवाय दिसला की ॲडव्हर्ब. मग ही मुलं 'फ्रेंडली'खाली खुशाल रेघ मारतात आणि 'फास्ट', 'नेव्हर', 'टुमारो' तसेच सोडून देतात.

माझं मत असं की एलवायपासून सुरुवातच करू नये. क्रियापदाला प्रश्न विचारायला शिकवावं. कसं? कुठं? कधी? कितीदा? उत्तर देणारा शब्द तो ॲडव्हर्ब. पण या वाटेवरही दोन ठिकाणी अडकते. 'व्हेरी टायर्ड'मधला 'व्हेरी' क्रियापदाबद्दल काहीच सांगत नाही, मग तो ॲडव्हर्ब कसा, असं मुलं विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. दुसरं म्हणजे जागा. शब्द ओळखतात, पण वाक्यात ठेवायचा कुठं ते कळत नाही. तुम्ही कसे शिकलात, कसं शिकवता?

राजारामपुरीकर
एलवाय टाकून देऊ नका ताई. मागचा शब्द बघायला सांगा. नामाला एलवाय लागला तर बहुतेक विशेषण होतं: फ्रेंड-फ्रेंडली, कॉस्ट-कॉस्टली, कावर्ड-कावर्डली. विशेषणाला लागला तर ॲडव्हर्ब: स्लो-स्लोली, क्विक-क्विकली. 'लोनली', 'एल्डरली' असे काही त्यात बसत नाहीत, तेवढे वेगळे पाठ करायचे.

पेठेतला_भावा
आमच्यात एकच ॲडव्हर्ब चालतोय, 'लई'. लई भूक लागलीया, लई पळवलं, लई खारट झालंय, मला लई आवडतं. सगळीकडं फिट. इंग्लिशला चार शब्द कशाला लागत्यात?

गारगोटीचे_मास्तर
भावा, तुझ्या प्रश्नात अर्धा धडा आहे, त्यावर नंतर येतो. आधी एलवाय.

मी निवृत्त शिक्षक. मुलं 'असं का?' विचारायची तेव्हा त्यांना थोडा इतिहास सांगायचो, त्याने त्यांची चीड कमी व्हायची. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे प्रत्यय होते. 'लिक' लावला की विशेषण व्हायचं आणि 'लिके' लावला की क्रियाविशेषण. शतकं गेली, शेवटचे स्वर गळाले, दोन्ही झिजून एकच 'एलवाय' उरला. म्हणून 'फ्रेंडली' विशेषण आणि 'स्लोली' क्रियाविशेषण, पण शेपूट एकच. मुलांचा गोंधळ त्यांच्या डोक्यातला नाही, तो भाषेतच पडलेला आहे.

'फास्ट' आणि 'हार्ड' यांचीही तीच कथा. जुन्या इंग्रजीत विशेषणाला नुसता 'ए' लावूनही क्रियाविशेषण बनायचं. तो 'ए' उच्चारातून गेला आणि दोन्ही रूपं सारखी दिसायला लागली. म्हणून 'अ फास्ट बस' आणि 'द बस रॅन फास्ट'. 'फास्टली' असा शब्द प्रमाण इंग्रजीत चालत नाही. लेट, हाय, नियर, स्ट्रेट, अर्ली ही त्याच पंगतीतली. यांची एक वेगळी यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला लावायचो.

फौंड्रीवाला_उद्यमनगर
मास्तरांच्या यादीत एक धोक्याची पाटी लावा. हार्ड, लेट, नियर, हाय यांना एलवाय लावला की अर्थ पार बदलतो. आमच्याकडं नवीन आलेल्या एका मुलानं बाहेरदेशीच्या गिऱ्हाइकाला मेल तयार केला होता: 'अवर टीम इज वर्किंग हार्डली ऑन युवर कास्टिंग्ज.' पाठवायच्या आधी नजरेस पडला म्हणून बरं. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. म्हणजे पोरं रात्रपाळी करून मोल्ड भरतायत आणि आम्हीच लिहून देतोय की कोणी काम करत नाही.

तसंच 'लेट' आणि 'लेटली'. 'द मटेरियल केम लेट', माल उशिरा आला. 'लेटली' म्हणजे अलीकडे, हल्ली. 'नियरली' म्हणजे जवळजवळ. 'हायली' म्हणजे अतिशय, उंचीशी संबंध नाही. हे शिकवणीत शिकवाच. पुढं उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात नोकरीला लागणाऱ्या पोरांना याचा रोज उपयोग आहे.

नीता_शाहूपुरी
'रोज'वरून आठवलं. 'एव्हरीडे' एक शब्द लिहायचा का दोन?

राजारामपुरीकर
दोन लिहिला तर क्रियाविशेषणाचं काम: 'शी वॉक्स अराउंड रंकाळा एव्हरी डे.' जोडून लिहिला तर विशेषण, म्हणजे रोजचा, नेहमीचा: 'एव्हरीडे क्लोद्स'. पाट्यांवर आणि जाहिरातींत सर्रास जोडून लिहितात, त्यावर जाऊ नका.

गारगोटीचे_मास्तर
आता 'लई'. भावाने मनापासून विचारलंय, तर नीट सांगतो.

'लई भूक लागलीया': 'आय ॲम व्हेरी हंग्री.' इंग्रजीत इथं 'लई' 'हंग्री' या विशेषणाला चिकटतं, म्हणून 'व्हेरी'.
'मला लई आवडतं': इथं ते क्रियापदाला चिकटलंय. 'आय व्हेरी लाइक इट' होत नाही. 'आय लाइक इट व्हेरी मच' किंवा 'अ लॉट'. 'व्हेरी' एकटा क्रियापदाला हात लावत नाही.
'लई खारट झालंय', म्हणजे खाववत नाही: 'इट इज टू सॉल्टी.' 'टू'मध्ये हद्द ओलांडल्याची तक्रार असते.

आपली माणसं कौतुकानं म्हणतात, 'युवर हाउस इज टू ब्यूटिफुल!' तिथं 'व्हेरी' किंवा 'सो' हवं. 'टू' म्हटलं की ऐकणारा पुढच्या तक्रारीची वाट बघतो. बोर्डाचा तो जुना प्रश्न, 'रिमूव्ह टू', याच अर्थावर उभा आहे. 'द टी इज टू हॉट टु ड्रिंक' याचं 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट' होतं. मूळ वाक्यात 'नॉट' नाही, तरी उत्तरात येतो, कारण नकार 'टू'च्या पोटात होता. मुलं याचा साचा पाठ करतात. एकदा त्यांना 'लई गरम हाय, पिववंना' असं म्हणायला लावा, साचा पाठ करायची गरज पडत नाही.

पेठेतला_भावा
मास्तर, पटलं. म्हणजे लई एकच, पण कुणाला चिकटलंय ते बघायचं.

मुळचा_कोल्हापूरचा
सध्या पुण्यात. मला हा सगळा मार्गच पटत नाही. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, मग नियम लावायचा, यात मूल कायम दोन पावलं मागं राहतं. माझ्या मुलाला ॲडव्हर्बची व्याख्या येत नाही, पण तो 'ही प्लेज वेल' बरोबर म्हणतो, कारण सतत इंग्रजी समालोचन ऐकतो. ऐकवा, वाचून घ्या. प्रकारांची नावं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ करून घ्या, पुरे.

शिकवणी_मंगळवारपेठ
दादा, तुमच्या घरी इंग्रजी ऐकू येतं, माझ्याकडच्या मुलांच्या घरी नाही. शिकवणीतला तासभर सोडला तर त्यांच्या कानावर इंग्रजी वाक्य पडत नाही. त्यांच्याकडे असलेली पक्की भाषा एकच, मराठी. तिच्यावर पाय ठेवूनच त्यांना चढावं लागणार. वाचून घ्या हे मात्र मान्य, ते वाढवते.

भाषाशास्त्र_सागरमाळ
शिवाजी विद्यापीठात भाषाशास्त्र शिकते आहे. ताईंच्या बाजूने बोलते, पण एक भर घालून. मराठीवर पाय ठेवायचा तर मराठी कुठे साथ देते आणि कुठे घसरवते हे आधी शिक्षकाला माहीत हवं.

एकच वाक्य घेते. 'तो काल शाहू स्टेडियमवर चांगला खेळला.' यात दोन्ही गोष्टी आहेत.

पहिली, घसरवणारी. इथे 'चांगला' हा शब्द खेळण्याबद्दल सांगतो, पण त्याचं रूप खेळणाऱ्याप्रमाणे बदलतं. ती चांगली खेळली, पोरं चांगली खेळली, ते चांगले खेळले. मराठीत क्रियेबद्दल सांगणारा शब्द असा विशेषणाच्या वेषात येऊ शकतो. म्हणून आपली मुलं 'ही प्लेड गुड' म्हणतात. ती चूक आळसाची नाही, घरची सवय आहे. इंग्रजीत इथे 'वेल' लागतं आणि ते पोरगा-पोरगी काही बघत नाही. मुलांना सांगावं: 'चांगला-चांगली'च्या जागी 'चांगल्या प्रकारे' घालून बघ. वाक्य टिकलं तर 'वेल'.

दुसरी, साथ देणारी. मराठीतला क्रम बघा: काल, स्टेडियमवर, चांगला, खेळला. आधी वेळ, मग जागा, मग रीत, शेवटी क्रियापद. इंग्रजी: 'ही प्लेड वेल ॲट शाहू स्टेडियम येस्टरडे.' क्रियापद, रीत, जागा, वेळ. बरोबर उलटं. क्रियापदाला सगळ्यात जवळचं कोण, त्याच्या पलीकडे कोण, हे दोन्ही भाषांत सारखंच आहे. फक्त मराठी क्रियापदाच्या डावीकडे मांडते आणि इंग्रजी उजवीकडे. मुलांना फळ्यावर मराठी वाक्य लिहून क्रियापदापासून मागे वाचायला लावा. इंग्रजीतला साधा क्रम आपोआप मिळतो.

कर्म असेल तेव्हा एक काळजी घ्यायची. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये कोणी बसत नाही. 'मला मिसळ खूप आवडते' याचं 'आय लाइक व्हेरी मच मिसळ' होत नाही. आधी मिसळ, मग 'व्हेरी मच'.

फौंड्रीवाला_उद्यमनगर
हे उलटं वाचायचं मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. आज आमच्या सुपरवायझरला दाखवलं, त्यानं लगेच चार वाक्यं करून दाखवली.

मिसळप्रेमी_खाऊगल्ली
मिसळीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. 'द तांबडा रस्सा टेस्ट्स गुड' का 'टेस्ट्स वेल'? वरच्या नियमानं 'वेल' यायला पाहिजे. टेस्ट हे क्रियापद आहे.

नीता_शाहूपुरी
तांबडा का पांढरा ते आधी ठरवा.

मिसळप्रेमी_खाऊगल्ली
पांढरा आधी वाटीभर प्यायचा, मग तांबडा ताटात. यात ठरवायचं काय आहे? आमच्या घरी पांढऱ्यात खसखस आणि तीळ दोन्ही वाटून घालतात, नारळाचं दूध शेवटी, आणि नंतर उकळी फुटू द्यायची नाही.

पेठेतला_भावा
आमच्यात काजू बी घालत्यात.

गारगोटीचे_मास्तर
रश्शाचा वेगळा धागा काढा, मीही येतो. उत्तर: 'टेस्ट्स गुड'. रस्सा काही करत नाही, चव घेणारे तुम्ही. 'गुड' हा शब्द रश्शाचं वर्णन करतो, क्रियेचं नाही. लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड, सीम ही क्रियापदं अशी वागतात तेव्हा पुढे विशेषण येतं. ओळखायची खूण: तिथं 'इज' घालून बघा. 'द रस्सा इज गुड' जमतं, मग विशेषण. पण 'शी टेस्टेड द रस्सा केअरफुली' इथं ती खरोखर चव घेते आहे, 'इज' घातलं तर वाक्य कोसळतं, म्हणून ॲडव्हर्ब. 'यू लुक वेल' मात्र चालतं, कारण तिथं 'वेल' म्हणजे तब्येतीनं ठणठणीत, तेव्हा तो शब्द विशेषणच असतो.

अनुवाद_कळंबा
मी अनुवादाची कामं करते. ॲडव्हर्ब शिकवताना एक गोष्ट सुटते, ती म्हणजे इंग्रजीला बऱ्याचदा ॲडव्हर्ब नकोच असतो.

मराठीला नादाची क्रियाविशेषणं फार प्रिय. धो धो पाऊस, तुरुतुरु चालणं, टकामका बघणं, खदाखदा हसणं. मुलं याला 'व्हेरी मच', 'फास्टली', 'लाउडली' असं काहीतरी जोडत बसतात. इंग्रजीत ती रीत पुष्कळदा क्रियापदाच्याच आत असते. धो धो पडणं म्हणजे 'पोअर'. लंगडत चालणं 'लिंप', टक लावून बघणं 'स्टेअर', चोरून डोकावणं 'पीप', हळू आवाजात बोलणं 'व्हिस्पर'. गगनबावड्याच्या जुलैमधल्या पावसावर मुलाने 'इट रेन्ड व्हेरी व्हेरी हेवीली' लिहिलं तर चूक नाही, पण 'इट पोअर्ड' हे दोन शब्द जास्त भिजवतात.

आणि 'हळूहळू'. 'हळूहळू चाल' असेल तर 'स्लोली', एकदाच, 'स्लोली स्लोली' नाही. 'हळूहळू जमेल' असेल तर 'ग्रॅज्युअली' किंवा 'लिटल बाय लिटल'. वेग आणि टप्पे, मराठीत एकच शब्द दोन्ही सांभाळतो.

मुळचा_कोल्हापूरचा
हे आवडलं. पण बघा, हे नियमानं येत नाही, वाचनानंच येतं. माझा मुद्दा तोच होता.

अनुवाद_कळंबा
वाचनानं येतं, पण काय टिपायचं हे आधी कोणी दाखवलं तर लवकर येतं. दोन्ही लागतं. भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. मुलांना तिथं घेऊन जा, सोप्या गोष्टींचं एक पुस्तक घ्यायला लावा आणि पानापानावर क्रियापदं शोधायला सांगा.

इचलकरंजी_एक्स्प्रेस
'गो टु होम' बद्दल कोणी बोललंच नाही! 'आय वेंट टु होम' ऐकलं की माझा जीव कळवळतो.

राजारामपुरीकर
अगदी. 'गो होम'मधला 'होम' नाम नाही, तो 'कुठं'चं उत्तर देणारा ॲडव्हर्ब आहे, म्हणून 'टु' नको. हिअर, देअर, अब्रॉड, अपस्टेअर्स, इनसाइड सगळे तसेच. 'कम टु हिअर' नाही, 'गो टु अब्रॉड' नाही. मराठीतसुद्धा 'घरी' या शब्दात 'कडे' मुरलेलाच आहे, आपण 'घरीकडे' म्हणत नाही. आणि 'टुडे मॉर्निंग' नको, 'धिस मॉर्निंग'.

शिकवणी_मंगळवारपेठ
उलटं वाचायचा प्रयोग नववीच्या वर्गात केला. मराठी वाक्यं त्यांनीच दिली, एकानं तर 'आमचा बाबा सकाळी तालमीत जोरात बैठका मारतो' दिलं. मागून वाचून इंग्रजी करताना अडखळले, पण क्रम चुकला नाही. 'कितीदा'ला मात्र हे लागू पडेना. 'ही कम्स ऑल्वेज लेट' झालं.

भाषाशास्त्र_सागरमाळ
हो, कितीदा सांगणारे शब्द वेगळे बसतात. ऑल्वेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, नेव्हर यांची नेहमीची जागा मुख्य क्रियापदाच्या आधी: 'ही ऑल्वेज कम्स लेट.' ॲम, इज, आर, वॉज, वेअर असेल तर त्यानंतर: 'ही इज ऑल्वेज लेट.' सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकानंतर: 'आय हॅव नेव्हर सीन पन्हाळा इन दिस फॉग.' इथे मराठी पुन्हा साथ देते, 'तो नेहमी उशिरा येतो' यात 'नेहमी' क्रियापदाच्या आधीच आहे. म्हणून यांना उलटवू नका.

तुमचा पहिला प्रश्न तसाच राहिलाय, 'व्हेरी'चा. मुलांना स्पष्ट सांगा की ॲडव्हर्ब हा एकजिनसी गट नाही. क्रियापदाबद्दल सांगणारे शब्द त्यात आहेत, विशेषणाची किंवा दुसऱ्या ॲडव्हर्बची मात्रा सांगणारे आहेत, म्हणजे व्हेरी, टू, क्वाइट, सो. आणि 'फॉर्च्युनेटली'सारखे सबंध वाक्याबद्दल बोलणारेही आहेत. व्याकरणकारांनी नाम, विशेषण, क्रियापद बाजूला काढल्यावर उरलेलं बरंच काही याच खोलीत ठेवलं. मी आधी क्रियापदवाले शिकवेन, ते पक्के झाल्यावर 'किती?' हा प्रश्न विशेषणाला विचारायला लावेन. किती दमलेला? व्हेरी. एक अपवाद लगेच सांगायचा: 'इनफ' मागे बसतो. 'टॉल इनफ', 'इनफ टॉल' नाही.

पेठेतला_भावा
मग आमच्या 'च' चं काय? 'तो इथंच हाय' म्हणजे 'ही इज हिअर ओन्ली'. समदी असंच बोलत्यात.

गारगोटीचे_मास्तर
बोलतात खरे, भारतभर बोलतात, आणि आपल्या आपल्यात समजतंही. परीक्षेत आणि बाहेरच्या पत्रात मात्र 'च' सोडवून घ्यावा लागतो. इथंच: 'राइट हिअर'. आत्ताच्या आत्ता: 'राइट नाऊ'. मला कळतच नाही: 'आय डोन्ट अंडरस्टँड ॲट ऑल'. तो येणारच: 'ही विल डेफिनेटली कम'. 'ओन्ली' फक्त तिथं, जिथं मराठीत 'फक्त' म्हणता येतं: 'आय एट ओन्ली वन भाकरी.'

शिकवणी_मंगळवारपेठ
हा 'च'चा तक्ता वर्गात लावते. येत्या आठवड्यात 'लई' आणि 'च' एवढंच घेणार, प्रकारांची नावं नंतर.

नीता_शाहूपुरी
जाता जाता: 'मी आत्ताच जेवले' याला 'जस्ट' का 'जस्ट नाऊ'?

राजारामपुरीकर
'आय हॅव जस्ट ईटन.' 'जस्ट' सहायकानंतर, वरच्या 'आय हॅव नेव्हर सीन'मधल्या 'नेव्हर'सारखाच. 'जस्ट नाऊ' साध्या भूतकाळाबरोबर आणि शेवटी: 'ही लेफ्ट जस्ट नाऊ.'